सुरक्षा तपासणीची सरासरी प्रतीक्षा ठीक, तरीही तक्रारी: उपलब्ध डेटा कसा वाचावा?

प्रश्न

आमच्या टर्मिनलवर सुरक्षा तपासणीच्या रांगेत शिरताना बोर्डिंग पास स्कॅन होतो, त्या वेळेच्या नोंदी आमच्याकडे आहेत. उड्डाणांचे वेळापत्रक आणि प्रत्येक लेनमधून दर तासाला पार पडलेल्या प्रवाशांची संख्याही उपलब्ध आहे. यावरून काढलेली दिवसाची सरासरी प्रतीक्षा समाधानकारक दिसते, परंतु सकाळच्या गर्दीबद्दलच्या तक्रारी थांबत नाहीत. व्यवस्थापन छताला सेन्सर बसवण्याच्या विचारात आहे. त्याआधी हाताशी असलेल्या डेटातून काही साधेल का?

उत्तर १

ही सरासरी तासांची आहे की प्रवाशांची, हे आधी तपासावे. दुपारचा रिकामा तास आणि सकाळचा गच्च तास यांना सारखेच वजन दिले, तर बहुसंख्य प्रवाशांनी जे सोसले ते आकड्यात उतरतच नाही. पंधरा-पंधरा मिनिटांचे टप्पे करावेत आणि शंभरांपैकी पंचाण्णव प्रवासी किती वेळात पार पडले, हे पाहावे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम येथे उपयोगी पडतो: रांगेत २०० जण असतील आणि मिनिटाला १० जण बाहेर पडत असतील, तर प्रतीक्षा साधारण २० मिनिटांची असते. त्यासाठी कोणाचाही माग काढावा लागत नाही.

शिवाय क्षमतेच्या काठावर रांग सरळ प्रमाणात वाढत नाही. एकाच खिडकीच्या साध्या गणिती प्रारूपात वापर ९० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांवर गेला की प्रतीक्षा दुपटीहून अधिक होते. म्हणून जादा लेन रांग लागण्यापूर्वी उघडावी. साचलेली गर्दी ओसरायला फार वेळ लागतो.

उत्तर २

लेनच्या तासाच्या आकड्यावर मी फार विसंबणार नाही. रांग भरलेली असतानाही क्ष-किरण यंत्राचा पट्टा रिकामा फिरत असतो, कारण पुढचा प्रवासी बॅगेच्या तळाशी गेलेला लॅपटॉप शोधत असतो आणि मागच्याला ट्रे ठेवायला जागा नसते. उलट, फेरतपासणीसाठी बाजूला काढलेल्या बॅगा साचल्या की पलीकडचे टोक तुंबते आणि पट्टा थांबवावा लागतो. दोन्ही वेळी आकडा सारखाच घसरतो, पण उपाय अगदी वेगळे आहेत. यंत्रात पट्टा थांबल्याच्या नोंदी राहत असतील, तर त्या जरूर मागवाव्यात.

उत्तर ३

वरील दोन्ही मुद्दे मान्य आहेत, पण एक शंका आहे. सकाळी रांग स्कॅनच्या जागेच्याही मागे जाते का? तसे असेल, तर स्कॅनची वेळ ही प्रवासी येण्याची वेळ राहत नाही, ती केवळ रांग पुढे सरकण्याची गती दाखवते, आणि सर्वांत वाईट सकाळ कागदावर बरी दिसते.

प्रश्नकर्ता

होय, जवळजवळ रोजच जाते. मग प्रवासी खरोखर किती वाजता येतात, हे कशावरून काढावे?

उत्तर ३

ज्या वेळी रांग स्कॅनच्या आतच राहते, त्या वेळच्या नोंदी घ्याव्यात आणि प्रवासी उड्डाणाच्या किती मिनिटे आधी येतात, याचा आलेख देशांतर्गत व आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी वेगवेगळा काढावा. पहाटेच्या उड्डाणांना लोक वेगळ्या अंदाजाने निघतात, त्यामुळे त्यांची तुलना दुपारच्या उड्डाणांशी करू नये; कमी गर्दीच्या दिवसांतील पहाटच घ्यावी. तो आलेख सकाळच्या वेळापत्रकावर बसवला की येणाऱ्यांचा अंदाज मिळतो. सेन्सर घ्यायचेच ठरले, तर फक्त डोकी मोजणारे आणि स्कॅनच्या मागील भागासाठी घ्यावेत. मोबाइलच्या वाय-फाय संकेतांवरून मोजणी करू नये, कारण आजचे फोन आपली ओळख सतत बदलत राहतात.