इब्री लोकांस पत्र: अकरावा अध्याय सुटा वाचावा का?

नगरवासी (प्रस्ताव):

नव्या करारातील इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय आपल्याकडच्या बहुतेक ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये लोकांना अर्धामुर्धा का होईना, पाठ असतो. हाबेल, हनोख, नोहा, अब्राहाम, सारा, मोशे, राहाब ही नामावळी अंत्यविधीच्या वेळी वाचतात, उपवास-प्रार्थनेला वाचतात, संडे स्कूलमध्ये मुलांकडून घोकून घेतात. हा अध्याय सुटा वाचण्याची सवय मोडावी, असे माझे मत आहे आणि त्यावर येथे चर्चा व्हावी. सुटा वाचला की तो थोरांचा पोवाडा होऊन बसतो, आणि आजारी मुलाच्या उशाशी बसलेल्या आईला त्यातून एवढेच ऐकू येते की तुझाच विश्वास कमी पडला. लेखकाचे म्हणणे तर याच्या अगदी उलट आहे. हे सर्व जण विश्वासात मेले, जे देऊ केले होते ते त्यांच्या हाती आले नाही, त्यांनी ते दुरूनच पाहिले, असे तो १३व्या वचनात सांगतो आणि ३९व्या वचनात पुन्हा सांगतो.

मूळ पत्राला अध्याय नव्हते. ती विभागणी मध्ययुगातली आहे. माझ्या वाचनाप्रमाणे हा भाग १०:३२ला (म्हणजे दहाव्या अध्यायाच्या ३२व्या वचनाला) सुरू होतो आणि १२:१३ला संपतो. सुरुवातीला लेखक वाचकांना त्यांचेच पूर्वीचे दिवस आठवायला लावतो: चारचौघांत झालेली विटंबना, तुरुंगात पडलेल्यांच्या पाठीशी उभे राहणे, मालमत्ता लुटली गेली तरी ती हसतमुखाने सोसणे. ही माणसे भेकड नाहीत, पण आता ती थकली आहेत. काहींनी एकत्र जमणे सोडून दिले आहे (१०:२५), हात गळाले आहेत, गुडघे लटपटत आहेत (१२:१२), आणि रक्त सांडण्यापर्यंत पाळी अजून आलेली नाही (१२:४). छळाच्या पहिल्या धगीत टिकलेली माणसे नंतरच्या लांबलचक, कंटाळवाण्या काळात का ढेपाळतात, हा या पत्राचा प्रश्न आहे. त्यावरचा त्याचा उपाय एकट्याने दातओठ खाऊन टिकून राहण्याचा नाही. एकमेकांकडे लक्ष द्या, भेटत राहा, बंदिवानांची आठवण ठेवा, असे तो अनेकवचनातच बोलत राहतो. धीर हे मंडळीने मिळून करायचे काम आहे, असा माझा निष्कर्ष आहे.

जुनी वही:

प्रस्ताव वाचायला गोड आहे, परंतु आपण पान जिथे उघडले आहे, त्याच्या बरोबर वर काय आहे ते सांगायचे टाळले आहे. सत्याचे ज्ञान मिळाल्यावर जाणूनबुजून पाप करीत राहणाऱ्यासाठी यापुढे यज्ञ उरत नाही, आणि जिवंत देवाच्या हाती सापडणे भयंकर आहे, हे १०:२६ ते ३१मध्ये लिहिले आहे. आपण ३२ला सुरुवात केलीत म्हणजे ही सहा वचने अलगद ओलांडलीत. सहाव्या अध्यायात तर याहून स्पष्ट आहे: ज्यांना एकदा प्रकाश मिळाला, ज्यांनी स्वर्गीय दानाची रुची घेतली आणि तरी जे पतित झाले, त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणे अशक्य आहे. ‘कठीण’ नव्हे, ‘अशक्य’. बाराव्या अध्यायात एका जेवणासाठी ज्येष्ठत्वाचा हक्क विकणारा एसाव येतो, आणि त्याने अश्रू ढाळून शोधले तरी त्याला पश्चात्तापाला वाव मिळाला नाही.

पहिल्या ख्रिस्ती पिढ्यांनी ही वाक्ये जशीच्या तशी ऐकली. तिसऱ्या शतकाच्या आरंभी कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुल्यान याने हे पत्र पौलाचा सोबती बर्णबा याचे मानून सहाव्या अध्यायाचाच आधार घेतला आणि बाप्तिस्म्यानंतरच्या गंभीर पातकाला मंडळीत क्षमा नाही, असे मांडले. मग २५०मध्ये रोमन बादशहा देकियस याच्या हुकुमाने प्रत्येकाला देवतांपुढे यज्ञ करून तसा दाखला घ्यावा लागला. इजिप्तमध्ये असे चाळीसहून अधिक दाखले पपायरसवर सापडले आहेत. त्यांतला मजकूर जवळजवळ ठरलेला आहे: मी देवतांना नेहमीच यज्ञ करीत आलो आहे, आताही आपल्यासमक्ष आज्ञेप्रमाणे पेयार्पण केले, यज्ञ केला, नैवेद्य चाखला, तरी आपण खाली सही करावी, ही विनंती. खाली अधिकाऱ्यांच्या सह्या आणि बादशहाच्या राजवटीचे वर्ष. ज्यांनी असा कागद घेण्यास नकार दिला आणि त्यापायी तुरुंगवास भोगला, त्यांना तो घेऊन परत आलेले लोक प्रभुभोजनाला शेजारी बसलेले पाहून काय वाटले असेल, याचा विचार धीराबद्दल बोलणाऱ्याने आधी करावा. इशारा काढून टाकला तर धीराला अर्थच राहत नाही, कारण मग न टिकणाऱ्याचे काही बिघडतच नाही.

वसईकर:

‘जुनी वही’ यांनी इतिहास अर्ध्यावर सोडला आहे. २५१मध्ये उत्तर आफ्रिकेतील कार्थेजला तेथील धर्माध्यक्ष सिप्रियान याच्या अध्यक्षतेखाली धर्मसभा भरली आणि तिने सगळ्यांना एकाच मापाने मोजले नाही. यज्ञ न करता नुसता दाखला मिळवलेल्यांचे प्रकरण एकेकाचे तपासून, प्रायश्चित्तानंतर त्यांना परत घेण्याचे ठरले. प्रत्यक्ष यज्ञ केलेल्यांना मरणसमयी क्षमा द्यावी, असा निर्णय झाला. आणि पुढे नव्या छळाची चिन्हे दिसू लागताच ती अटही सैल करण्यात आली, कारण पुढच्या संकटाला सामोरे जाणाऱ्यांना प्रभुशरीराशिवाय कसे पाठवायचे, असा प्रश्न धर्माध्यक्षांना पडला. रोममध्ये नोवातियन हा धर्मगुरू वेगळा झाला तो हे न पटल्यामुळे. त्याचे अनुयायी पुढे इब्री ६वर बोट ठेवीत राहिले आणि चौथ्या शतकाच्या अखेरीस मिलानचा धर्माध्यक्ष अंब्रोज याने त्यांना उत्तर दिले की, तेथे निषेध आहे तो दुसऱ्यांदा स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) करण्याचा, पश्चात्तापाचा नव्हे.

आमच्या कॅथलिक परंपरेत प्रायश्चित्त संस्कार आजही आहे तो या निर्णयांच्या वाटेनेच आला. ज्या ख्रिस्तसभेने हे पत्र पवित्र शास्त्रात घेतले, तिने त्याचा अर्थ कसा लावला हेही पाहिले पाहिजे. पश्चिमेकडे या पत्राला मान्यता मिळायला चौथे शतक उजाडावे लागले आणि सहाव्या अध्यायाची ही अडचण त्यामागे थोडीफार होतीच.

जुनी वही:

अंब्रोजची थोरवी मान्य करूनही म्हणावे लागते की, ही पळवाट आहे. वचनात शब्द पश्चात्तापाचा आहे, स्नानाचा नाही. प्रोटेस्टंट सुधारणेचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथर याला हे पुरते कळले होते. १५२२च्या जर्मन नव्या कराराच्या प्रस्तावनेत त्याने सहाव्या व दहाव्या अध्यायांतील या भागाला कठीण गाठ म्हटले, हे सर्व शुभवर्तमानांच्या आणि पौलाच्या पत्रांच्या विरुद्ध दिसते असे लिहिले, आणि हे पत्र याकोब, यहूदा व प्रकटीकरण यांच्यासह शेवटी नेऊन ठेवले. मला त्याचा निर्णय पटत नाही, पण गाठ आहे हे त्याने लपवले नाही. धर्मसभेला दया दाखवायची होती म्हणून मजकुराचा अर्थ बदलत नाही.

पपायरस:

मी श्रद्धाळू नाही. प्राचीन ग्रंथ म्हणून हे पत्र वाचतो, त्यामुळे माझे दोन्ही पक्षांशी भांडण आहे.

प्रथम पुराव्याबद्दल. लेखक कोण हे देवच जाणे, असे तिसऱ्या शतकातील भाष्यकार ओरिजेनने म्हटल्याचे चर्चचा इतिहासकार युसेबियसने नोंदवले आहे आणि आजही तेच खरे आहे. पौलाच्या ओळखीतला अपुल्लो हा ल्यूथरचा तर्क, पौलाची सहकारी प्रिस्किल्ला हा जर्मन अभ्यासक हार्नाकचा १९००मधला. इटलीचे लोक सलाम सांगतात (१३:२४) आणि पहिल्या शतकाच्या अखेरचे रोमचे क्लेमेंतचे पत्र या मजकुराचा वापर करते, म्हणून वाचक रोमचे असावेत असे पुष्कळ अभ्यासक धरतात. तसे असेल तर मालमत्ता गमावण्याचा संबंध ४९च्या सुमारास क्लौद्य बादशहाने यहूद्यांना रोममधून घालवले त्याच्याशी लागू शकतो, आणि रक्त सांडले नाही हे वाक्य ६४मधल्या नीरोच्या छळापूर्वीचे ठरते. मात्र ही सगळी इमारत एका ‘असावेत’वर उभी आहे. ‘जुनी वही’ २५०चे दाखले दाखवून या पत्राचा अर्थ सांगतात तेव्हा ते जवळजवळ दोन शतकांनंतरची परिस्थिती मागे लादतात. लेखकापुढे छळाने मोडलेला माणूस नाही, कंटाळलेला श्रोता आहे. आणि ‘अशक्य’ म्हटल्यावर तीनच वचनांनी तो ‘प्रियजनहो, तुमच्याविषयी आमची याहून चांगली खातरी आहे’ असे म्हणतो. हे पत्र म्हणजे बोधपर भाषण आहे, असे तो स्वतःच १३:२२मध्ये सांगतो. भाषणातल्या धाकाचा कायदा करू नये.

आता नगरवासी यांच्याबद्दल. त्यांनी १३ आणि ३९ ही वचने दिली, ३३वे गाळले. तेथे गिदोन, बाराक, शमशोन, इफ्ताह, दावीद यांनी राज्ये जिंकली आणि वचने मिळवली असे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे पोवाडा आहेच. ३५व्या वचनाच्या मधोमध सूर एकदम बदलतो आणि हालहाल होऊन मेलेले, दगडमार झालेले, करवतीने कापलेले येतात, हे खरे. पण आधीचा भाग त्यामुळे पुसला जात नाही. शिवाय या यादीतल्या इफ्ताहाने नवस फेडण्यासाठी पोटची मुलगी दिली, अशी जुन्या करारातील शास्ते या पुस्तकाच्या ११व्या अध्यायाची कथा आहे. ‘टिकून राहिला’ एवढेच प्रमाणपत्र पुरेसे असेल तर इफ्ताहही टिकलाच. आणि फळ न मिळताच मेले त्यांची थोरवी गाण्यात एक धोका आहे, जो मला धर्ममंडळींत फारसा कोणी बोलताना दिसत नाही: ज्याला दुसऱ्याने निमूट थांबावे असे वाटते, त्याला हा अध्याय फार सोयीचा पडतो.

वसईकर:

इफ्ताहाचा मुद्दा जड आहे. माझ्याकडे त्याला उत्तर नाही, आणि ज्यांच्याकडे ते तयार असते त्यांच्याबद्दल मला थोडी शंका येते.

नगरवासी:

‘पपायरस’ यांनी ३३वे वचन पुढे आणले हे बरे झाले, कारण माझा मुद्दा त्यानेच नीट उभा राहतो. एकाच वाक्याच्या ओघात काही जण तलवारीच्या धारेपासून वाचले आणि काही जण तलवारीने मारले गेले (३४ आणि ३७). विश्वास दोघांचाही तोच. विश्वास पुरेसा असला की सुटका होते, हा हिशेब लेखकाने येथे स्वतःच मोडला आहे. सुटा पोवाडा वाचणारे ३५च्या पहिल्या अर्ध्यावर थांबतात, आणि माझी तक्रार तीच आहे.

थांबून राहण्याचा आरोप मात्र मला मान्य नाही. यादीतली माणसे पाहा. अब्राहाम कुठे जायचे हे माहीत नसताना घर सोडून निघाला. मोशेने फारोच्या मुलीचा मुलगा म्हणवून घेण्याचे नाकारले आणि मिसर सोडला. राहाबेने आपल्या नगराचा पक्ष सोडला. हे निमूट बसलेले लोक नव्हेत, उठून गेलेले लोक आहेत. १५व्या वचनात लेखक म्हणतो की, सोडून आलेल्या देशाकडे त्यांचे मन लागले असते तर परत जायला त्यांना संधी होती. मला हे सबंध अध्यायातले सर्वांत नेमके वाक्य वाटते. वाचकांपुढचा मोह हाच होता: जुन्या, ओळखीच्या, सुरक्षित जागी परत जाण्याचा, जिथे कोणी विटंबना करणार नाही. म्हणून तेराव्या अध्यायात तो त्यांना छावणीबाहेर निघून येण्यास सांगतो. ज्याला इतरांना गप्प बसवायचे आहे, त्याने हा अध्याय नीट वाचला तर तो अडचणीतच येईल.

मालमत्तेच्या वचनाबद्दल एक गोष्ट जाता जाता. आपल्याकडच्या पहिल्या पिढीतील ख्रिस्ती लोकांना १०:३४ वाचताना रोमची गरज नव्हती. धर्मांतरामुळे वारसाहक्क जाऊ नये, असे ब्रिटिश हिंदुस्थानभर ठरवणारा एकविसावा कायदा १८५०मध्ये झाला, आणि कायदा झाल्यावरही घरचे दार, विहीर आणि भाऊबंदकी कायद्याने उघडत नव्हती. त्या लोकांना कोणी तरी सोबत जमत राहिले म्हणून ते टिकले. केडगावला मूळ हिब्रू व ग्रीकवरून मराठी बायबल करणाऱ्या पंडिता रमाबाईंभोवतीही टाकलेल्या, विधवा झालेल्या स्त्रियांचा समुदायच होता.

जुनी वही:

सोबतीचे आपण म्हणता ते मी नाकारलेले नाही. परंतु सोबत जमणाऱ्यांना सावध करण्याची जबाबदारीही याच पत्राने टाकली आहे: कोणामध्ये कडूपणाचे मूळ अंकुरू नये याकडे लक्ष द्या (१२:१५), आणि लगेच पुढे एसाव. ‘पपायरस’ यांनी धाकाला भाषणशैली म्हणून बाजूला सारले, ‘वसईकर’ यांनी धर्मसभेकडे नेले, आणि नगरवासी यांच्या १०:३२ ते १२:१३ या चौकटीच्या तो आजही बाहेरच आहे. एसाव तर तीन वचनांनी हुकला. छळात मोडलेला आणि कंटाळून निघून गेलेला हे वेगळे, हे मी मान्य करतो. पण कंटाळून गेलेल्याबद्दलच लेखक इतका कठोर आहे, हे ‘पपायरस’ यांच्याच मांडणीतून निघते, आणि त्यावर कोणीही बोललेले नाही.

पपायरस:

निघते खरे. छळाखाली मोडलेल्याची कीव येते, न छळता निघून जाणाऱ्याची येत नाही. उरलेल्यांना तो आपल्याला निरर्थक ठरवून गेला असे वाटते. लेखकाचा राग मला या बाजूने समजतो. तो न्याय्य आहे, असे मी म्हणणार नाही.

नगरवासी:

तर मग अभ्यासाची चौकट मी १०:१९पासून १२:१७पर्यंत वाढवायला तयार आहे, म्हणजे २६ ते ३१ही येतील आणि एसावही येईल. माझी अट एकच: ती वचने मोठ्याने वाचली जातील तेव्हा यायचे सोडून दिलेल्यांपैकी निदान एकाला बोलावून आणावे, आणि आपण त्यांचा अर्थ त्याच्या समक्ष सांगावा.

जुनी वही:

अट मान्य. मात्र त्याच्या समक्षही मी ‘अशक्य’ला ‘कठीण’ म्हणणार नाही.