चौसोपी वाडा : चार सोपे की चार चौक?

कसबेकर : पुण्याच्या कसबा पेठेतील जुन्या वाड्यांविषयी एक छोटी माहितीपुस्तिका तयार करताना आमचे काम 'चौसोपी' या शब्दापाशी अडले आहे. तांबट आळीजवळच्या एका वाड्याला मी 'दोन चौकी, चौसोपी वाडा' असे म्हटले, तर मजकूर तपासणाऱ्या बाईंनी समासात शेरा मारला की चौसोपी म्हणजे चार चौकांचा, मग त्याच वाड्याला दोन चौक कसे? चौकाच्या, म्हणजे मधल्या मोकळ्या अंगणाच्या, चारही अंगांना सोपे (अंगणाकडे उघडी, खांबांची छपराखालची जागा) असले की वाडा चौसोपी होतो, अशी माझी समजूत आहे. जाणकारांनी निवाडा करावा आणि जमल्यास सोपा व ओसरी यांतला भेदही सांगावा.

उंबरठा : आपले म्हणणे बरोबर आहे. संस्कृतातील 'चतुःशाल' हाच घाट सांगतो : मधे मोकळे अंगण आणि चारी बाजूंना शाला, म्हणजे दालने. 'मृच्छकटिक' या संस्कृत नाटकातल्या चारुदत्ताचे घर असेच आहे. केरळात 'नालुकेट्टु' म्हणजे चार दालनांचे घर, ज्यात अंगण एकच असते. 'एट्टुकेट्टु'मध्ये दालने आठ आणि अंगणे दोन. तेथे मोजदाद बांधलेल्या भागाची होते, मोकळ्या जागेची नव्हे. आपल्याकडे मात्र दोन्ही मोजण्या चालतात, म्हणून हा घोळ. विश्रामबागवाड्याला तीन चौकी म्हणतात तेव्हा मोजलेले असतात ते चौकच.

भेंडा : आमच्या घरात सुतारकाम पिढीजात आहे, म्हणून थोडे वेगळे सांगतो. कारागीर ना चौक मोजत ना सोपे. तो खण मोजत असे. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण, आणि 'पाच खणी सोपा' म्हटले की किती खांब, किती तुळया लागतील याचा हिशोब तोंडी होत असे. खाली दगडी उथळे, म्हणजे खांबाची बैठक, त्यावर सागवानी खांब, खांबाच्या डोक्यावर हस्त, म्हणजे तुळईला आधार देणारे आडवे लाकूड, हस्तावर तुळई, तुळईवर कड्या, म्हणजे बारीक तुळया, कड्यांवर पाट आणि पाटावर मातीचा थर, अशी ती उतरंड असते. वाडा पाडला की लाकूड जुन्या बाजारात जाते, पण उथळ्यांना कोणी विचारत नाही. आमच्या बोळाच्या तोंडाशी अशी चार उथळी पालथी पडली आहेत आणि दूधवाला त्यांवर कॅन ठेवतो. 'चौसोपी' हा शब्द मी आजोबांच्या तोंडून एकदाही ऐकला नाही. तो मालकांचा शब्द असावा.

कृष्णाकाठ : आमच्या सातारा-कोल्हापूरकडे सोपा म्हणजे घरात शिरल्यावरची पुढची खोली. स्लॅबच्या बंगल्यातसुद्धा आई पाहुण्यांना 'सोप्यात बसा' असेच म्हणते. तेथे ना चौक, ना खांब. मग आमचा सोपा खोटा ठरवायचा काय? सोपानावरून म्हणजे पायरीवरून सोपा आला, असे आमचे एक गुरुजी सांगत, आणि चौकातून दोन पायऱ्या चढून जायची जागा पाहिली की ते पटते.

उंबरठा : गुरुजींविषयी आदर ठेवूनही म्हणतो की ध्वनी जुळला म्हणजे व्युत्पत्ती सापडली असे होत नाही. राहिला प्रश्न वापराचा. आज हॉटेलवाले खुशाल कशालाही चौसोपी वाडा म्हणतात आणि चौदा मजली इमारतीच्या फाटकावरही 'वाडा' लिहिलेले दिसते. 'वाटक' म्हणजे आवार, त्यापासून वाडा. निदान आवाराला तरी जागा हवी.

ओटीवरून : रत्नागिरीकडे हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण आमच्याकडे पडवी, ओटी, माजघर असा सरळ क्रम आहे. गोव्यात मधल्या अंगणाला राजांगण म्हणतात आणि तुळशीवृंदावन बऱ्याचदा त्यातच असते. शब्द घरागणिक बदलतात, एवढे मान्य केले तर हॉटेलवाल्यांवर इतके रागावण्याचे कारण उरत नाही. पुण्यातल्या पेठांचेच पाहा. बुधवार पेठ एके काळी मोहियाबाद होती आणि रविवार पेठ मलकापूर. नावे बदलली तरी माणसे तेथेच राहिली.

भेंडा : पेठेचे नाव बदलले म्हणून घराच्या अंगाचे नाव बदलत नाही. विश्रामबागवाड्याच्या दर्शनी बाजूचे सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब १८०७ साली वाडा झाला तेव्हा सुरूदार होते आणि आजही सुरूदारच आहेत. त्यांना 'डिझायनर पिलर' म्हणणारा मार्गदर्शक मी स्वतः ऐकला आहे. त्याने 'सुरूदार' म्हटले असते तर ऐकणाऱ्यांना निदान झाड तरी आठवले असते.

कसबेकर : चर्चा रंगली आहे याचा आनंद आहे, तथापि पुस्तिका छापायला जायची आहे. चौसोपीचा अर्थ बहुमताने ठरला असे धरतो. सोपा आणि ओसरी यांविषयी कोणी बोलेल काय? आमच्या वाड्यात चौकाभोवतालच्या जागेला म्हातारे भाडेकरू ओसरी म्हणतात आणि मालक सोपा.

उंबरठा : 'ओसरी' हा शब्द गुजरातीतही आहे, हे लक्षात घ्यावे. माझ्या मते उतरत्या छपराखालची ती ओसरी, आणि डोक्यावर माडी असेल तो सोपा.

कृष्णाकाठ : आमच्या सोप्यावर माडी नाही.

ओटीवरून : ते राहू द्या. दरवाजातून शिरल्यावर दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांसाठी जी बसायची जागा असते, तिला पुस्तिकेत काय म्हटले आहे? पुण्यात देवडी म्हणतात हे माहीत आहे, पण मराठवाड्यातले माझे साडू तिला ढेळज म्हणतात आणि देवडी म्हटले की हसतात.

भेंडा : ढेळज वेगळी. ती दरवाजाला लागून असलेली छपराखालची अख्खी जागा असते, जिथे गावकरी येऊन टेकतात. देवडी म्हणजे फक्त तो कट्टा, आणि त्याच्या भिंतीत दिव्याचा कोनाडा हवाच.