डबल बार सायकलला बॅटरीची टाकी, कोल्हापुरी चामडं आणि पितळी बिल्ला: हातानं करायचं तर कसं?

करवीर_२८ (प्रश्न)

मंडळी, गाडी अशी आहे: २८ इंची जुनी डबल बार, दूधवाले वापरतात तीच. मागच्या चाकात ३६ व्होल्ट, २५० वॅटची हब मोटर बसवून झाली आहे. हबला ३६ भोकं म्हणून रिमही ३६ भोकांची घेतली. ब्रेक, कंट्रोलर सगळं नीट चालतं. पण बॅटरी कॅरिअरवर काळ्या प्लास्टिकच्या डब्यात बांधली आहे आणि त्या एका डब्यानं गाडीचा जुना घाट पार बिघडवला आहे.

१९१०-२० च्या सुमारास लाकडी ट्रॅकवर पळणाऱ्या मोटरसायकली होत्या, तशी दोन बारमध्ये लांबट टाकी हवी आहे आणि बॅटरी तिच्या पोटात. मुठींना आणि सीटला कोल्हापुरी चामडं, हेडट्यूबवर (हँडलखालच्या उभ्या नळीवर) पितळी बिल्ला, टाकीवर हातानं ओढलेल्या रेघा. स्टिकर आणि रेक्झिन नको.

मापं: दोन बारमधलं मोकळं अंतर ५८ मिमी, लांबी ५२० मिमी. सेल १८६५० (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब), ४० नग, १० सिरीज ४ पॅरलल. पत्रा कुठला घेऊ, चामडं कसं निवडू, आणि आपल्याकडच्या पावसात यातलं काय टिकेल?

उद्यमनगर_फिटर

५८ मध्ये बसतं, पण सेलची मांडणी बदलावी लागेल. सेल आडवे ठेवून २० च्या दोन ओळी करा. होल्डरसकट एका सेलला साधारण २०.२ मिमी लागतात, म्हणजे पॅक ४०४ मिमी लांब आणि ४१ मिमी उंच. वर-खाली फोम आणि फायबर शीट मिळून ५-५ मिमी, पत्रा दोन्हीकडून ०.७ आणि बारशी टेकतो तिथं २ मिमी रबर धरलं की बेरीज ५६-५७ होते. रुंदी आतल्या अस्तरासकट ८२ च्या आसपास येईल. ९० च्या वर जाऊ देऊ नका, पायडल मारताना मांड्या घासतात. लांबीत उरलेल्या ११६ मिमीत सीटच्या बाजूला बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट), फ्यूज आणि चावीचा स्विच जातो, पुढच्या बाजूला टाकीच्या नाकाला गोलाई द्यायला जागा राहते.

पत्रा २२ गेज सीआर, म्हणजे थंड लाटलेला पोलादी. रिकामी टाकी ८०० ग्रॅमच्या आसपास भरेल. जीआय (जस्त चढवलेला) पत्रा स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका. वेल्डिंगच्या उष्णतेनं जस्ताचा पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. अॅल्युमिनियम हलकं खरं, पण त्याला टिग वेल्डिंग लागतं किंवा रिव्हेट. पॉप रिव्हेटची शेपटी आत ५-६ मिमी येते. रस्त्याच्या हादऱ्यांनी ती पॅकचं अस्तर घासत राहते आणि एक दिवस सेलपर्यंत पोचते. टाकी कुठल्याही धातूची करा, पॅक आणि पत्रा यांच्या मधे १.५ मिमी फायबर शीट सगळ्या बाजूंनी हवीच, नुसत्या फोमवर भागत नाही.

आधी पुठ्ठ्याची टाकी करून बारमध्ये घालून बघा, पायडल फिरवून बघा. मगच पत्रा कापा. नाकाची गोलाई वाळूच्या पिशवीवर लाकडी मोगरीनं ठोकून येते. हातोडी वापरली की खड्डे पडतात आणि ते भरायला पुटीचे थर चढतात. जोडताना दर २५-३० मिमीवर वेल्डचा एकेक टाका घ्या, आणि टाके एका टोकाकडून सलग घेऊ नका. एक इकडे, एक तिकडे. सलग वेल्ड ओढला की २२ गेजचा पत्रा लाटा मारतो आणि मग तो सरळ होत नाही. टाके झाल्यावर गॅसवर पितळ भरून घ्या. पितळ धरावं म्हणून लावलेल्या टाकणखाराचा नंतर काचेसारखा थर राहतो, तो गरम पाणी आणि तारेच्या ब्रशनं पूर्ण काढा. तो राहिला तर पहिल्या पावसाळ्यातच रंगाखालून गंज फुटतो.

टाकीची एक बाजू उघडणारी ठेवा. वरची कड खालच्या कडेवर कौलासारखी चढू द्या, म्हणजे पाणी आपोआप बाहेर ओघळेल. एम४ चे स्क्रू ८ मिमीपेक्षा लांब नकोत. तळाला दोन्ही टोकांना ५ मिमीचं एकेक भोक पाडा. सिलिकॉन मारून टाकी हवाबंद करायचा मोह होतो, करू नका. रात्री गार झाली की आत दव धरतं, आणि एखाद्या सेलनं गॅस सोडलाच तर त्याला वाट राहत नाही.

बॅटरीच्या पॉझिटिव्हला लागूनच २० अॅम्पिअरचा फ्यूज, वायर २.५ चौरस मिमी, पत्र्यातून बाहेर येते तिथं रबरी ग्रोमेट. बाहेर आल्यावर वायर थोडी खाली लोंबू द्या आणि मग वर न्या, म्हणजे पाणी तिथंच गळून पडतं. फ्रेमला काहीही वेल्ड करू नका, टाकी चार पट्ट्यांनी दोन्ही बारला आवळा.

आरी_रापी

चामड्याबद्दल.

कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं असतं. ते ओलं केलं की हवा तो आकार घेतं आणि वाळल्यावर तो धरून ठेवतं. क्रोममध्ये कमावलेलं मऊ चामडं हे करत नाही, आज ताणून बसवलं तर महिन्याभरात सैल पडतं. कोल्हापुरातल्या सुभाषनगर, जवाहरनगरात कारागिरांकडून तुकडा घेताना कड कापून बघा. आतपर्यंत तपकिरी असेल तर आपलं, मधे निळसर-करडी रेघ दिसली तर क्रोम. पाण्याचा थेंब टाका. तो लगेच शोषला जाऊन डाग गडद झाला पाहिजे.

मूठ: बकरीचं चामडं, १.२ मिमी. हँडलचा पाइप २२.२ मिमी, म्हणजे परीघ ७० मिमी. चामड्याच्या जाडीमुळे कडेला कड मिळायला ७३ लागतात, पण ओलं चामडं ताणतं म्हणून पट्टी ६९ रुंद कापा. ७३ कापली तर वाळल्यावर मुठीत फिरते. दोन्ही कडांपासून ३ मिमी आत, ५-५ मिमीवर आरीनं भोकं, दोन्ही बाजूंची संख्या एकच. १२० मिमी लांब मुठीला बाजूला २४ भोकं येतात. मेण लावलेला ०.८ मिमी दोरा एक मीटर, दोन सुया, क्रॉस टाका. शिवण खाली जमिनीकडे ठेवा, तळहाताला लागत नाही आणि तिच्यात पाणी साचत नाही.

थ्रॉटलपाशी जपा. अंगठ्याचा थ्रॉटल आणि चामड्याची कड यांत किमान ३ मिमी फट सोडा. पावसात चामडं फुगतं, थ्रॉटलला टेकतं, आणि दाबलेला थ्रॉटल परत येत नाही. मूठ पूर्ण भिजवून, थ्रॉटल सोडल्यावर तो आपणहून मागे येतो का हे बघितल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.

सीट: म्हशीचं ४ ते ५ मिमी. कोमट पाण्यात बुडबुडे यायचे थांबेपर्यंत भिजवा, जुन्या सीटच्या सांगाड्यावर दाबून बसवा आणि रुंद सुती पट्टीनं गुंडाळा. तारेनं किंवा लोखंडी क्लॅम्पनं आवळू नका. हिरडा-बाभळीतला टॅनिन आणि ओलं लोखंड भेटलं की शाईसारखा काळा डाग उमटतो. सावलीत दोन दिवस वाळू द्या. उन्हात किंवा हीटरपुढे ठेवलं तर वरचा पापुद्रा तडकतो. सांगाड्याला आधी प्रायमर आणि रंग, मग तांब्याचे रिव्हेट वॉशरसकट. तेल-मेण सगळं झाल्यावर: एक भाग मधमाशीचं मेण तीन भाग एरंडेल तेलात कोमट करून, पातळ हात. जास्त तेल पाजलं तर सीट मऊ होऊन मधे खचते.

मुठीच्या टोकाला चपलेवर असते तशी तीनपदरी वेणी गुंडाळली तर फार शोभते. २ मिमीच्या वाद्या, आणि हवी त्या लांबीच्या दीडपट घ्या.

करवीर_२८

दोघांचेही आभार, नुसत्या मापांनीच निम्मं काम झालं. दोन शंका. टाकी बांधायला पट्ट्यांऐवजी चामड्याचे पट्टे आणि पितळी बकल चालतील का? आणि सीटसाठी पितळी मुलाम्याचे लोखंडी रिव्हेट आणून ठेवले आहेत, ते वापरू का?

आरी_रापी

पट्टे दिसायला लावा, भार त्यांच्यावर नको. भिजलं की चामडं लांबतं, टाकी डुलायला लागते आणि वायर ओढल्या जातात. आत पोलादी पट्टी, वरून चामडं, असं करा. बकलची जीभ तेवढी खरी पितळेची बघून घ्या.

मुलाम्याचे रिव्हेट परत करा. डोक्यावर हातोडी बसली की मुलामा तडकतो आणि तिथूनच काळा डाग पसरतो. आधीच डाग पडला असेल तर लिंबाचा रस बोळ्यानं लावून पाच मिनिटांत पुसा, स्वच्छ पाण्यानं धुवा, वाळल्यावर पुन्हा तेल. तांब्या-पितळेच्या रिव्हेटभोवती काही महिन्यांनी हिरवट मेणासारखा थर येतो. तो चामड्यातल्या तेलामुळे येतो, कोरड्या फडक्यानं निघतो, काळजीचं कारण नाही.

गुजरी_ठसा

बिल्ल्यासाठी १ मिमी पितळी पत्रा आणि फेरिक क्लोराइड. नक्षी, अक्षरं जिथं उठून राहायला हवीत तिथं ऑइल पेंटनं रंगवा आणि मागची बाजूही रंगवून टाका. प्लास्टिकच्या ट्रेमध्ये द्रावण घ्या आणि तो ट्रे गरम पाण्याच्या परातीत ठेवा, द्रावण ४० अंशांच्या आसपास राहिलं तर काम वेगानं होतं. पत्रा पालथा, तळाला न टेकता टांगून ठेवायचा, म्हणजे कोरून निघालेला गाळ खाली पडतो; उताणा ठेवला तर गाळ खाचेत बसून तळ ओबडधोबड होतो. पाऊण तास झाला की काढून नखानं खोली बघा. ०.३ मिमी पुरे. द्रावण बाजूनंही खातं, त्यामुळे १ मिमीपेक्षा बारीक रेघ उरत नाही. देवनागरीत शिरोरेघ आणि मात्रा जाड काढा. वापरलेलं द्रावण मोरीत ओतू नका, त्यात विरघळलेलं तांबं असतं. धुण्याचा सोडा घालून गाळ बसू द्या आणि तो घातक कचऱ्यात द्या.

आता वाक. हेडट्यूबचा व्यास मोजा आणि त्याहून २-३ मिमी बारीक पाइपवर वाकवा, कारण पितळ थोडं मागे उलगडतं. आधी अंधुक उजेडात मंद लाल होईस्तोवर तापवून पाण्यात विझवा, नाहीतर कोरलेल्या खाचेत चीर पडते. खाचेत काळा इनॅमल वाकवल्यानंतर भरा, आधी भरला तर टवके उडतात. वाळल्यावर ६०० च्या पॉलिश पेपरनं वरची पातळी घासली की अक्षरं पिवळीधमक उठतात.

उभार नक्षी हवी असेल तर हुपरीच्या चांदी कारागिरांचा हात त्याच कामात बसलेला असतो. पितळ चांदीपेक्षा कडक, तेव्हा पत्रा ०.५ मिमीचा न्या.

हेडट्यूबला जुन्या बिल्ल्याची दोन भोकं असतील तर तीच वापरा. नवीन पाडू नका. भोकं नसतील तर इपॉक्सी पुरतो.

ब्रश_लाईन

रेघा सगळ्यात शेवटी. खाली इपॉक्सी प्रायमर, वर टू-के पीयू (हार्डनर मिसळायचा) रंग आणि क्लिअर (पारदर्शक थर), आठवडाभर पूर्ण सुकू द्या. मग ८०० च्या पॉलिश पेपरनं हलकं घासून सिंथेटिक इनॅमलनं रेघ ओढा. रेघ चुकली तर टर्पेंटाइनच्या फडक्यानं लगेच पुसता येते, खालच्या सुकलेल्या टू-केला काही होत नाही. उलट क्रमानं, म्हणजे ओल्या इनॅमलवर क्लिअर मारलं, तर सुरकुत्या पडतात. इनॅमलवर एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर तर कधीच नको, खालचा रंग उचलला जातो.

लांब केसांचा लायनर ब्रश घ्या, इनॅमलमध्ये टर्पेंटाइनचे चार-पाच थेंब. ब्रश रंगात बुडवून जुन्या मासिकाच्या गुळगुळीत पानावर दोन-तीनदा ओढा, केस एकत्र येतात. रेघ ओढताना करंगळी टाकीच्या कडेवर टेकवून हात तिच्या आधारानं सरकवा, मनगट हलवू नका. २ मिमीची रेघ, तिच्या ४ मिमी आत १ मिमीची दुसरी. कोपऱ्यात दोन्ही सरळ रेघा आधी पूर्ण करा, वळण मागून जोडा.

रंग निवडताना एवढंच बघा की आत बॅटरी आहे. काळी टाकी एप्रिल-मेच्या उन्हात हात लावू देत नाही, आणि लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात. क्रीम रंगावर गडद लाल रेघ जुन्या घाटाला साजते आणि टाकी त्यामानानं गार राहते. तरीही उन्हातून आल्या आल्या चार्जर लावू नका.

स्पोक३६

टॉर्क आर्मचं, म्हणजे मोटरचा अॅक्सल फिरू नये म्हणून फ्रेमला बांधायच्या पट्टीचं, कुणी बोललं नाही. हौशी गाडीत तोही पितळेचा, नक्षीचा करायची टूम असते. पितळ तिथं चालत नाही. २५० वॅटची हब चढाला ३० न्यूटन-मीटर जोर लावते असं धरा. अॅक्सलच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर १० मिमी, म्हणजे त्यांच्या कडांवर जवळजवळ ३०० किलोचा जोर येतो. पितळी खाच हळूहळू पसरते, अॅक्सल फिरतो आणि वायर पिळवटून तुटते. ६ मिमी स्टेनलेस पट्टी घ्या, खाच १०.० मिमी, कानशीनं घासत अॅक्सलवर ठोकून बसेल इतकी घट्ट. आर्म १०० मिमी लांब असला की टोकाला फक्त ३० किलो उरतात, ते साधा क्लॅम्प पेलतो. नक्षी हवी तर स्टेनलेसमध्येच, आर्मच्या मधल्या भागात कापा, खाचेपासून १५ मिमी दूर.

नियमाचंही बघा. मोटर २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किमीच्या आत, बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत, चांगले ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर, एवढं असेल आणि नियमात ठरवलेल्या चाचणी संस्थेनं ते तपासून मान्य केलं असेल, तरच केंद्रीय मोटार वाहन नियमांत ही गाडी मोटार वाहन धरली जात नाही. रंगकामात रिफ्लेक्टर काढून ठेवले जातात आणि परत लागत नाहीत. जुन्या घाटाचा लाल काचेचा मिळतो, मडगार्डवर तो लावा.

करवीर_२८

स्टेनलेसची पट्टी आजच सांगून येतो. क्रम असा धरतो: पुठ्ठा, पत्रा, पॅक घालून चाचणी, पॅक काढून रंग, बिल्ला, रेघा, शेवटी चामडं. काही राहतंय का?

उद्यमनगर_फिटर

रंगाआधी एकदा टाकीत पाणी भरून जोड तपासा, पितळ भरताना सुईएवढी भोकं राहतात. तळाची दोन भोकं तेवढ्यापुरती टेपनं बंद करा. आणि रंगानं ती बुजतात, तेव्हा पॅक परत घालण्याआधी ५ मिमीचा ड्रिल हातानं फिरवून मोकळी करा, कडेला थोडा प्रायमर लावा.