पिसोरीला शिंगं का नसतात? डीएनएवाल्यांनी सांगा

काजूवाला_दोडामार्ग:
परवा रात्री बागेच्या वईवर बॅटरी मारली तर पिसोरी (इंग्रजीत माउस डिअर म्हणतात ती)! मांजरापेक्षा जराशी मोठी, अंगावर पांढरे ठिपके नि पट्टे, पाय काडीसारखे, दोन सेकंद तशीच थिजून उभी आणि मग गेली करवंदीच्या जाळीत. चुलतभाऊ व्हेटरनरीला आहे, तो म्हणतो ही आपल्या शेळीसारखी रवंथ करते, पण शिंगं नाहीत आणि नराला सुळे. मग हे हरीण कसलं? आणि जीनोम, म्हणजे प्राण्याचा सगळा डीएनए, वाचून असलं काय कळतं ते कुणी सोपं करून सांगा ना.

रवंथ_चालू:
हरणाच्या कुळातली ती नाहीच. 2019 मध्ये 44 रवंथ करणाऱ्या प्राण्यांचे जीनोम सायन्स मासिकात आले, त्यात पिसोरीची फांदी सगळ्यात आधी फुटलेली दिसते, गाय शेळी सांबर जिराफ सगळे दुसऱ्या फांदीवर, आणि शिंगं आली ती त्या फांदीवर. पिसोरीच्या घराण्यात ती कधी आलीच नाहीत. कस्तुरीमृगाची गोष्ट वेगळी, त्याच्या पूर्वजांना होती, नंतर गेली, कारण शिंगांना लागणारा आरएक्सएफपी2 नावाचा जीन त्याच्यात मोडलेला सापडला. पडक्या घराचं जोतं असतं ना, तसं.

वजडीप्रेमी:
वजडी धुताना तो पानापानांचा भाग येतो बघा, पुस्तकासारखा, ज्यातली घाण काढताना जीव जातो, तो कप्पा पिसोरीत जवळजवळ नसतोच, चारऐवजी तीनच कप्पे. आणि आपलं भेकर तर त्याहून भारी, मादीत 6 क्रोमोसोम (डीएनएच्या गुंडाळ्या, गुणसूत्रं), नरात 7, गायीत 60! चीनमधल्या त्याच्या भाईबंदात 46 आहेत, म्हणजे आपल्यावाल्यात एकमेकांना चिकटत चिकटत एवढेच उरले.

काजूवाला_दोडामार्ग:
वजडीमुळे एकदम डोक्यात शिरलं 😄 पण तारकर्लीचा डॉल्फिन गायीचा नातेवाईक म्हणतात ती थापच ना?

रवंथ_चालू:
थाप नाय हो. डीएनएत स्वतःची नक्कल दुसऱ्या जागी घुसवणारे तुकडे असतात, नक्कल एकदा जिथे घुसली तिथेच पिढ्यानपिढ्या राहते. 1997 मध्ये जपानी संशोधकांना व्हेल, पाणघोडा आणि रवंथवाले यांच्यात असे काही तुकडे नेमके त्याच जागी सापडले, डुकरात आणि उंटात ती जागा रिकामी. म्हणजे डॉल्फिन गायीला डुकरापेक्षा जवळचा.

वजडीप्रेमी:
काजूवाले, फोटो मिळाला तर टाका, पण वई कुठली ते लिहू नका, शिकारीवाले पण वाचतात हे.