दंड सगळ्यांनाच बसतो
'कर बुडवला की नावाजलेल्या माणसांनाच जास्त कडक शिक्षा होते' हे मला अजिबात पटत नाही. मेस्सीला २०१६ मध्ये २१ महिन्यांची कैद सुनावली, पण तो आत गेलाच नाही. पुढच्या वर्षी दंडावर मिटलं. हॉलिवूडचा नट वेस्ली स्नाइप्स मात्र खरंच तुरुंगात गेला, पण त्याने विवरणपत्रंच भरली नव्हती.

इकडे तारकर्लीत माझा भाऊ पर्यटकांना चार खोल्या देतो. आईच्या आजारपणात त्याचं रिटर्न उशिरा गेलं. ५,००० रुपये लेट फी, शिवाय थकलेल्या करावर महिन्याला १ टक्का व्याज! मे महिन्याची कमाई ठेवलेला बिस्किटांचा डबा त्याने माझ्यासमोर ओट्यावर उपडा केला, नोटा मोजल्या आणि भरले. त्याच्यासाठी कोण हळहळलं?