वालचंद हिराचंद यांची कारकीर्द: इतके उद्योग काढले, पण हाती काय राहिले?

कृष्णाकाठ यांची विचारणा:

सर्वांना नमस्कार. सांगलीत आमचा एक छोटा अभ्यासगट आहे आणि पुढच्या बैठकीत शेठ वालचंद हिराचंद यांच्या कारकिर्दीवर मला बोलायचे आहे. येथील अभियांत्रिकी महाविद्यालयामुळे त्यांचे नाव गावात सर्वांच्या तोंडी असते, परंतु त्यांनी नेमके काय केले असे विचारले, तर 'मोठे उद्योगपती होते' यापलीकडे फारसे कोणी सांगू शकत नाही.

१८८२ साली सोलापुरात जन्म, घरी कापसाचा व्यापार आणि सावकारी. त्यात मन रमले नाही म्हणून रेल्वेची कंत्राटे, तेथून जहाजवाहतूक, मग ऊस आणि साखर, आणि अखेरीस विमाने, जहाजबांधणी, मोटारी. मात्र शेवट पाहिला तर बंगळूरचा विमान कारखाना दीड वर्षाच्या आत सरकारने ताब्यात घेतला, विशाखापट्टणमची जहाजबांधणीची गोदी १९५२ साली सरकारकडे गेली, आणि पक्षाघातामुळे १९५० साली निवृत्त झालेले वालचंद १९५३ साली निवर्तले. माझा प्रश्न असा की, या चढउतारांचे मूळ त्यांच्या स्वभावात शोधावे की परकीय राजवटीत? आणि दुसरे म्हणजे, एकामागून एक इतके उद्योग काढण्यासाठी त्यांना पैसा आणि पाठबळ मिळत तरी कोठून होते? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

भीमथडी यांचे उत्तर:

आपल्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातच पहिल्याचे उत्तर दडलेले आहे असे माझे मत आहे, म्हणून मी त्यांच्या पहिल्या धंद्यापासून सुरुवात करतो.

लक्ष्मणराव फाटक हे मूळचे रेल्वेतले कारकून. त्यांना रेल्वेच्या कामांची आतून माहिती होती आणि तरुण वालचंदांच्या मागे घराण्याची पत होती. दोघांनी भागी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी ते तडवळे या टप्प्याचे काम घेतले. कंत्राटदाराच्या धंद्यात काम आधी हाती घ्यायचे असते आणि अनामत भरावी लागते. मजुरांची आठवड्याची मजुरी, खडी, सुरुंगाची दारू, बैलगाड्यांचे भाडे हे सारे पदरचे घालायचे, आणि साहेबाने येऊन मोजमाप घेतल्यावर, ते वहीत चढल्यावर आणि त्यावर सही झाल्यावर कधीतरी बिल निघायचे. काम आणि बिल यांच्या मधल्या काळात पैसा उभा करणे आणि कचेरीत खेटे घालून तो वेळेवर सोडवून घेणे, हेच या धंद्यातले खरे कसब होय. सावकारी पेढीवर वाढलेल्या मुलाला त्यातले पहिले अंग घरातूनच अवगत होते आणि दुसरे तो कामावर शिकला. पुढे टाटा कन्स्ट्रक्शनच्या छत्राखाली बोरघाटातले रेल्वेचे बोगदे आणि तानसा तलावातून मुंबईला पाणी आणणारे नळ ही मोठी कामे झाली, ती याच शिदोरीवर.

हा माणूस आयुष्यभर कंत्राटदारासारखाच विचार करत राहिला, असे मला वाटते. प्रत्येक नव्या उद्योगात त्यांची रीत तीच दिसते. गिऱ्हाईक म्हणून सरकार किंवा सरकारच्या परवानगीवर चालणारे क्षेत्र निवडायचे, तंत्र जाणणारा भागीदार गाठायचा, जागा एखाद्या संस्थानाकडून मिळवायची आणि भांडवल भागधारकांकडून उभारायचे. स्वतःची पुंजी त्यात असे, परंतु त्यांची खरी गुंतवणूक ही सारी माणसे एका टेबलाशी आणून बसवण्यात होती. बोगदे आणि पूल बांधताना ही रीत उत्तम चालते, कारण काम संपले की दोन्ही पक्ष मोकळे होतात. विमानांचा कारखाना मात्र कधी संपत नाही, आणि ज्याच्या एकाच गिऱ्हाइकाच्या हाती सत्ताही असते, त्या कारखान्याचा मालक कोण हे शेवटी ते गिऱ्हाईकच ठरवते. म्हणून त्यांची भरभराट आणि त्यांची पीछेहाट या दोन्ही गोष्टी एकाच दाराने आल्या, असे मी म्हणेन.

गोदीकाठ यांचे उत्तर:

भीमथडी साहेबांचे विवेचन पटण्यासारखे असले, तरी जहाजवाहतुकीला ते पूर्णपणे लागू पडत नाही, आणि माझ्या मते वालचंदांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा डाव तोच होता.

१९१९ साली त्यांनी नरोत्तम मोरारजी यांच्यासोबत जे जहाज घेतले, त्याची हकिगत मुद्दाम सांगण्याजोगी आहे. हे जहाज १८९० साली कॅनेडियन पॅसिफिक कंपनीसाठी 'एम्प्रेस ऑफ इंडिया' या नावाने पाण्यात उतरले आणि पॅसिफिक महासागर ओलांडून आशियाच्या फेऱ्या करत असे. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ते घेऊन जखमी सैनिकांसाठी रुग्णालय-जहाज म्हणून दिले आणि त्याचे नाव 'लॉयल्टी' झाले. म्हणजे आपल्या मंडळींच्या हाती आले तेव्हा ते जवळपास तीस वर्षे जुने होते. नव्या कंपनीने सिंधिया हे नाव घेतले आणि ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाले. आज राष्ट्रीय सागरी दिन त्याच तारखेला पाळला जातो. व्यवहाराच्या दृष्टीने मात्र ते जहाज पांढरा हत्तीच ठरले आणि १९२३ साली मुंबईतच भंगारात निघाले.

येथे समोर लॉर्ड इंचकेप यांची ब्रिटिश इंडिया कंपनी होती आणि तिचे शस्त्र होते भाडेयुद्ध. स्पर्धक बुडेपर्यंत तोटा सोसून भाडे पाडायचे आणि तो बुडाला की पुन्हा चढवायचे, ही त्या काळातली रूढ पद्धत होती. जमशेटजी टाटा यांनी १८९० च्या दशकात जपानशी कापसाची वाहतूक सुरू केली, ती याच पद्धतीने बंद पाडण्यात आली. तुतिकोरीनला चिदंबरम पिळ्ळै यांनी १९०६ साली काढलेली स्वदेशी कंपनी भाडेयुद्धाने खिळखिळी केली आणि १९०८ साली खुद्द पिळ्ळैंनाच तुरुंगात घातले. हा इतिहास वालचंदांसमोर होता. म्हणून सिंधियाने १९२३ साली इंचकेप यांच्याशी दहा वर्षांचा करार केला आणि आपल्या वाढीवर जाचक मर्यादा घालून घेतल्या, याला मी शरणागती म्हणणार नाही. त्यावर त्या वेळीही टीका झाली. परंतु आधीच्या दोन्ही कंपन्या गाशा गुंडाळून गेल्या असताना सिंधिया मात्र तगली. १९२९ साली नरोत्तम मोरारजींच्या अपघाती निधनानंतर वालचंद तिचे अध्यक्ष झाले आणि १९५० पर्यंत त्या पदावर राहिले. माघार कोठे घ्यावी हे त्यांना कळत होते, आणि कारकिर्दीतल्या चढउतारांचा विचार करताना हा गुण नजरेआड करता कामा नये.

स्वभावाचा भाग नाहीच, असेही मी म्हणणार नाही. १९४० आणि १९४१ या दोन वर्षांत वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी हा माणूस विमाने, जहाजबांधणी आणि मोटारी या तिन्ही आघाड्यांवर एकदम उतरला होता, आणि तेही ऐन महायुद्धात. कोणताही सावध भागीदार हात जोडून मागे फिरला असता.

नीरा-डावा-कालवा यांचे उत्तर:

चर्चा जहाजांत आणि विमानांत रमली आहे, म्हणून जमिनीबद्दल लिहितो. मी इंदापूर तालुक्यातला आहे.

नाशिक जिल्ह्यातील रावळगावला त्यांनी १९२३ साली माळरान घेतले आणि इकडे कळंबच्या परिसरात पुढे वालचंदनगर वसले. १९३२ साली साखरेला आयातकराचे संरक्षण मिळाले, १९३३ साली रावळगावचा कारखाना आणि १९३४ साली आमच्याकडचा कारखाना सुरू झाला. सरकारी धोरणाचा थेट लाभ झाला तो येथे, आणि हेच उद्योग त्यांच्या हातून त्यांच्या हयातीत कोणी घेतले नाहीत. भीमथडी यांच्या मताला यामुळे थोडी मुरड घालावी लागेल.

परंतु या यशाची दुसरी बाजूही अभ्यासगटात सांगावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. खाजगी साखर कारखान्यांच्या उसाखालची बरीच जमीन गावोगावच्या शेतकऱ्यांकडून खंडाने घेतलेली होती. १९६१ साली कमाल जमीनधारणेचा कायदा आला, कारखान्यांचे मळे सरकारने घेतले आणि ते शेती महामंडळाकडे गेले. ज्यांची मूळ जमीन होती, ते खंडकरी शेतकरी मोर्चे आणि कोर्टकचेऱ्या करत राहिले आणि अनेकांना जमिनी परत मिळू लागल्या त्या २०१२ च्या सुमारास. तोवर सातबाऱ्यावरची मूळ नावे जाऊन नातवंडांची लागली होती. उजाड माळावर कारखाना, वसाहत आणि शाळा उभी करणे ही मोठीच गोष्ट आहे, आणि त्या वसाहतीत घडलेल्या कुटुंबांना तिचा अभिमान आहे, पण उद्योगाच्या जोखमीत आपली जमीन घालून बसलेला हा माणूसही एका अर्थाने गुंतवणूकदारच होता. त्याच्या चढउतारांची नोंद कोणत्याच चरित्रनायकाच्या नावावर होत नाही.

कृष्णाकाठ यांचे उत्तर:

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. नीरा-डावा-कालवा यांनी मांडलेला मुद्दा मी आवर्जून घेईन. एक शंका उरते. विमान कारखाना सोडताना वालचंदांवर जबरदस्ती झाली, की त्यांनी मोबदला घेऊन राजीखुशीने पाणी सोडले?

भीमथडी यांचे उत्तर:

राजीखुशीने असे म्हणता येणार नाही. १९३९ साली ते अमेरिकेला गेले होते ते मोटारींच्या कामासाठी. परतीच्या विमानप्रवासात त्यांची गाठ विल्यम पॉली यांच्याशी पडली. पॉली चीनमध्ये विमान कारखाना चालवत होते. त्या ओळखीतून योजना आकाराला आली. म्हैसूरचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी बंगळूरला जागा आणि संस्थानचे भांडवल दिले, आणि डिसेंबर १९४० मध्ये हिंदुस्तान एअरक्राफ्टची नोंदणी झाली. १९४१ मध्ये भारत सरकार एक तृतीयांश भागधारक झाले आणि त्याच वर्षी कारखान्यातून शिकाऊ वैमानिकांसाठीचे पहिले विमान उडाले. त्यानंतर जपान युद्धात उतरला, सिंगापूर आणि रंगून पडले, आणि एप्रिल १९४२ मध्ये सरकारने वालचंद व त्यांच्या सहकाऱ्यांना मोबदला देऊन कारखाना स्वतःकडे घेतला. युद्धाची निकड खरी होती, कारण पुढे अमेरिकी हवाई दलाची विमाने तेथेच दुरुस्त झाली. परंतु युद्ध संपल्यावरही तो कारखाना संस्थापकाकडे परत आला नाही, हेही तितकेच खरे.

विशाखापट्टणमची कथा वेगळी आहे. २१ जून १९४१ रोजी राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि ६ एप्रिल १९४२ रोजी जपानी बॉम्ब त्या शहरावर पडले. काम रखडले, यंत्रसामग्री हलवावी लागली. तरीही मार्च १९४८ मध्ये 'जलउषा' हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. तोवर देशाचे सरकार आपले झाले होते, पण जहाजबांधणीतला तोटा सोसण्याची कुवत खाजगी कंपनीत नव्हती, आणि १९५२ साली सरकारने गोदीतला मोठा हिस्सा घेतला. येथे हिसकावून घेतल्याची भाषा वापरू नये, असे मला वाटते.

मोटारींच्या बाबतीत त्यांची चिकाटी पूर्ण दिसते. फोर्डने नकार दिला, क्रायस्लरशी करार झाला, युद्धकाळात सरकारने हा उद्योग युद्धोपयोगी मानण्यास नकार देऊन आयातीची वाट अडवली, तरी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींची पद्मिनी पुढे याच कंपनीने बनवली.

आणि आपल्या मूळ प्रश्नातले 'हाती काय राहिले' याचे उत्तर द्यायचे तर बांधकामाचा विसर पडू देऊ नका. १९२६ साली काढलेली हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन ही कंपनी पुढे टिकली. २००९ साली खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू तिनेच बांधला. भाषणात विमाने, जहाजबांधणी आणि मोटारी यांच्या जोडीला त्या कंपनीलाही दहा मिनिटे द्यावीत.