नुसतं पोस्टर पाठवलं तर कार्यक्रम लावायचा नाही: हा नियम जाचक आहे का?

गोदाकाठ
नाशिकमधल्या नाटकं, व्याख्यानं, मैफली, पुस्तक प्रकाशनं यांची माहिती देणारं एक छोटं संकेतस्थळ आम्ही काही मित्र हौसेने चालवतो. पैसे कुणाकडून घेत नाही. दिवाळीपासून एक नियम करावा असं चाललंय. आयोजकाने कार्यक्रमाचं नाव, तारीख, वेळ, ठिकाण, तिकीट आणि फोन नंबर टाइप करूनच द्यायचा. नुसतं पोस्टर आलं तर लावायचं नाही. शिवाय जागेबद्दल तीन प्रश्न: पायऱ्या किती, व्हीलचेअरची सोय आहे का, खुणांच्या भाषेचे दुभाषे असणार का.

कारण उघड आहे. पोस्टर म्हणजे चित्र. दृष्टिहीन माणसाचा फोन त्याला 'इमेज' म्हणतो आणि पुढे जातो. पण आमच्यातच दोन तट पडलेत, म्हणून इथे विचारतोय.

तिरपा_खिळा
हेतू चांगला, नियम चुकीचा. मी एका मंडळाचं काम बघतो. आमचं पोस्टर डीटीपीवाला रात्री उशिरा पाठवतो, मी ते ग्रुपांवर ढकलतो आणि झोपतो. त्यात तुमचा फॉर्म भरत बसणार कोण? तुम्ही नाही लावलं तर आमचं काही अडत नाही, व्हॉट्सअ‍ॅप आहे. नुकसान तुमच्याच साइटचं. आणि जरा आकडेवारी काढून बघा, तुमच्याकडे अंध वाचक येतात तरी किती? शिवाय आता एआय पोस्टर वाचून दाखवतं. दोन वर्षांत हा प्रश्नच उरणार नाही.

अनुनाद
तो न मोजलेला अंध वाचक मी. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरणारा माणूस साइटच्या आकडेवारीत वेगळा दिसतच नाही, त्यामुळे ती काढून काही कळणार नाही. आणि ज्या साइटवर पंधरा वेळा 'इमेज, इमेज' ऐकलं तिथे मी पुन्हा जात नाही. मग तुम्ही म्हणणार, बघा, अंध लोक येतच नाहीत.

एआयचं म्हणाल तर मी ते रोज वापरतो. साधी अक्षरं बरी वाचतं. पण पोस्टरवर नाव असतं सुलेखनात, मागे तबल्याचं चित्र, वेळ एका कोपऱ्यात, प्रायोजकांची रांग खाली. गायकाचं नाव चुकलं तर मी समजून घेईन, पण वेळ किंवा सभागृह चुकलं तर रिक्षाचं भाडं वाया. तुम्ही एकदा टाइप करायचं ते टाळता, म्हणून मी प्रत्येक पोस्टरशी झटापट करायची?

कोडकरी
नियमाला पाठिंबा, पण गोदाकाठ, आधी तुमचं घर बघा. आत्ताच तुमची साइट माउस बाजूला ठेवून चालवली. महिन्याच्या कॅलेंडरमध्ये टॅब दाबत गेलं की आपण कुठल्या तारखेवर आहोत तेच दिसत नाही. वरचा सरकता बॅनर थांबवता येत नाही. पांढऱ्यावर फिकट केशरी अक्षरं आहेत. सुगमतेची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं, म्हणजे डब्ल्यूसीएजी, साध्या मजकुराला अक्षरं आणि मागचा रंग यांत किमान 4.5 ला 1 एवढा कॉन्ट्रास्ट मागतात, तुम्ही त्याच्या जवळपासही नाही. व्याख्यानमालांचा श्रोता बहुतेक साठीच्या पुढचा. तो स्वतःला अपंग म्हणवून घेणार नाही, पण ती केशरी अक्षरं त्यालाही दिसत नाहीत.

अजून एक. पानाच्या कोडमध्ये भाषा इंग्रजी लिहिली आहे. मग स्क्रीन रीडर इंग्रजी आवाज लावतो आणि तो देवनागरी एकतर गिळतो नाहीतर भलतंच काही वाचतो. तिथे मराठीचा 'एमआर' टाका, दोन मिनिटांचं काम आहे.

आणि 'कोडची एक ओळ टाका, साइट सुगम' असं विजेट विकायला कुणी आलं तर दारातूनच परत पाठवा. अमेरिकेत असेच दावे करणाऱ्या अ‍ॅक्सेसीबी कंपनीवर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी 2025 मध्ये कारवाई केली, 10 लाख डॉलर भरायला लावले.

वकिली_वळण
हा नुसता चांगुलपणाचा प्रश्न नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 46 मध्ये सेवा देणारा 'सरकारी असो वा खाजगी' असं स्पष्ट आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगमतेचे नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. एप्रिल 2025 च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा अनुच्छेद 21 खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरला.

तिरपा_खिळा
वकीलसाहेब, तो 2025 चा खटला केवायसीचा होता, बँकांचा. चार मित्रांच्या फुकट साइटला तो लावायचा म्हणजे मुंगी मारायला तोफ. उद्या नोटिशीच्या भीतीने ही पोरं साइटच बंद करतील. मग कुणालाच काही कळणार नाही, अंधाला नाही आणि डोळसालाही नाही.

वकिली_वळण
हौशी साइटला 'सेवा देणारा' म्हणता येईल का यावर वाद होऊ शकतो, एवढं मान्य. पण तिकीट विकायला लागलात की तो वाद माझ्या मते संपला.

चाकांवरची
मी वेगळ्याच कारणाने विरोधात आहे. 'व्हीलचेअरची सोय आहे का' हा प्रश्न काढून टाका. सगळे 'हो' लिहितात. असल्याच एका 'हो'वर विसंबून मी व्याख्यानाला गेले. रॅम्प होता, पण मागच्या दाराला, आणि दाराला कुलूप. किल्ली ज्याच्याकडे तो जेवायला गेलेला. वक्त्याचं आभार प्रदर्शन तेवढं ऐकलं.

पायऱ्या किती, हा प्रश्न मात्र ठेवा. आकडा खोटा सांगताना माणूस जरा बिचकतो. दाराची रुंदी, स्वच्छतागृह कुठल्या मजल्यावर, आणि ज्याच्याकडे किल्ली असते त्याचा फोन नंबर विचारा. प्रवेशद्वाराचा फोटो चालेल. हो अनुनाद, इथे मला फोटोच हवाय, खाली वर्णन लिहून.

तिरपा_खिळा
हॉलच्या दाराची रुंदी आयोजकाला कुठून माहीत असणार ताई? आम्ही तीन तासांसाठी हॉल घेतो.

चाकांवरची
मग आयोजकाला विचारूच नका. ही माहिती कार्यक्रमाची नाही, जागेची आहे. कालिदास कलामंदिर, साईखेडकर नाट्यगृह, कुसुमाग्रज स्मारक, गोदाघाटावरचं पटांगण… नेहमीच्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या. गोदाकाठच्या मंडळींनी टेप घेऊन एकदा फिरावं, प्रत्येक जागेचं एक पान करावं आणि कार्यक्रमातून त्याला दुवा द्यावा. हवं तर मी येते बरोबर. मी आत जाऊ शकले नाही तर मोजायचीही गरज नाही.

गोदाकाठ
हे आवडलं. जागेचे प्रश्न आयोजकाच्या फॉर्ममधून काढले. टाइप करायच्या सहा गोष्टी तेवढ्या राहिल्या.

तिरपा_खिळा
त्यातही अडचण आहे. आमचा डीटीपीवाला श्रीलिपीत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टात काम करतो. त्याच्याकडचा मजकूर तुमच्या फॉर्ममध्ये चिकटवला की नुसता कचरा उमटतो. म्हणजे टाइप झालेलंच पुन्हा टाइप करायचं. तुम्हीच का नाही पोस्टर बघून लिहून घेत?

अनुनाद
जुन्या फॉन्टच्या पीडीएफमध्येही तोच कचरा असतो. तुम्हाला मराठी दिसतं आणि माझा स्क्रीन रीडर एनव्हीडीए आतली रोमन अक्षरं आणि अर्धविराम वाचत बसतो. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठेही नीट वाचता येणाऱ्या अक्षरांत, बदलून देणारी साधनं फुकट मिळतात. तेही नको असेल तर फोनच्या कीबोर्डवरचा माइक दाबा आणि सहा गोष्टी बोला. मी माझे सगळे निरोप तसेच लिहितो, हासुद्धा.

गोदाकाठ
आम्ही लिहून घ्यायचो की. गणपतीच्या दिवसांत पोस्टरांचा पाऊस पडतो, तेव्हा जमत नाही. एक मधला मार्ग सुचतोय. नुसतं पोस्टर आलं तर नाकारायचं नाही, पण ते वेगळ्या यादीत जाईल, 'माहिती अपुरी' अशा मथळ्याखाली, आयोजकाच्या नावासह. मजकूर आला की मुख्य यादीत.

तिरपा_खिळा
अहो, त्या यादीत मंडळाचं नाव दिसलं तर अध्यक्ष मलाच फोन करून झापतील!

अनुनाद
करू देत. त्या फोननंतर मजकूर नक्की येईल.